५८ सरळ, १५ ‘एल’: घरच्या टाईलसाठी कटर निवडताना

मार्च महिन्यात सासूबाई न्हाणीत घसरल्या. हाड वाचलं, पण कंबर महिनाभर धरून होती. न्हाणीतली जुनी शहाबादी साबणाच्या थराने गुळगुळीत झालेली. मृग लागायच्या आत तिथे न घसरणारी खडबडीत टाईल बसवायचीच, असं आम्ही नवरा-बायकोने ठरवलं. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात, कापूस-तुरीचं. ७ जूननंतर पेरणीत कोणाचा हात रिकामा राहत नाही. गावातले दोन्ही मिस्त्री घरकुलांच्या कामात अडकलेले. त्यातल्या एकाने न्हाणीचा उतार आणि वॉटरप्रूफिंग करून द्यायचं कबूल केलं. टाईल कापणं आणि बसवणं आमच्याकडे आलं.

मी पंधरा वर्षं शिवणकाम करते. कापडाला कात्री लावायच्या आधी कागदावर माप काढायची सवय हाताला आहे, म्हणून मशीन बघायच्या आधी मी काप मोजायला बसले. न्हाणी ६ फूट बाय ५ फूट ४ इंच, खाली १२ बाय १२ इंचाची टाईल, भिंतीला ७ फुटांपर्यंत १२ बाय १८ ची. शिवाय ओट्यामागची १० फुटांची पट्टी. वर्तमानपत्राचे तुकडे भिंतीला लावून बघितलं तेव्हा ५८ काप सरळ निघाले, १५ ‘एल’ आकाराचे (दाराची चौकट, खिडकी, जाळी, स्विचबोर्ड) आणि नळांची ५ भोकं. पुढचा सगळा निर्णय याच आकड्यांवर झाला. हे न मोजता दुकानात गेले असते तर दुकानदाराने जे पुढे केलं तेच घेऊन आले असते.

मिस्त्री म्हणाला, “वहिनी, एवढ्याशा कामाले मशीन कायले घेता? माहा मार्बल कटर घेऊन जा ना दोन दिवस.” आणला. हातात धरायचा, ४ इंची पात्याचा, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे. ह्यांनी अंगणात पहिली टाईल कोरडीच कापली आणि अर्ध्या मिनिटात तुळस, दोरीवरचे कपडे, बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया, सगळं पांढरं झालं. त्या मिस्त्रीचा खोकला मी कित्येक वर्षं ऐकते आहे. तोंडाला दुपट्टा बांधून तो दिवसभर असंच कापतो. टाईलमध्ये क्वार्ट्‌झ असतं, त्याची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. दुपट्ट्यातून ती धूळ आरपार जाते. कुरडया फेकल्या आणि ठरवलं, आपल्या घरी पाण्याशिवाय एकही काप होणार नाही.

मग झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीने मी पात्यावर पाणी सोडत राहिले. तिसऱ्या टाईलला ह्यांच्या हाताला झिणझिण्या आल्या. मेन स्विच पाडला आणि त्या दिवशीचं काम तिथेच थांबवलं. वायरमनने येऊन बघितलं तर मशीनची वायर मुठीपाशी सोललेली, आणि घराची अर्थिंग असून नसल्यासारखी. मे महिन्यात आमच्या काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की मातीची पकड सुटते. त्याने खड्ड्यात मिठाचं पाणी ओतलं आणि बोर्डावर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवली. करंट गळाला की ती क्षणात लाईन तोडते. कोणतंही पाण्याचं कटर घेणार असाल तर आधी ही घ्या, मशीन नंतर.

आता निवड तीन गोष्टींत होती. हाताने ओढायचा पटरीचा कटर: वीज नको, पाणी नको, धूळ जवळपास नाही. रेघ मारायची आणि दाबून तोडायची. माझे ५८ सरळ काप त्याने झाले असते, पण ‘एल’ होत नाही आणि इंचाहून बारीक पट्टी वाकडी तुटते. दुसरा पर्याय नवा मार्बल कटर. सगळ्यात स्वस्त, सगळं कापतो, पण पाणी, वीज आणि फिरतं पातं एकाच वेळी हातात. तिसरा टेबलाचा पाण्याचा कटर: ७ इंची पातं, साधारण ६०० वॉटची मोटार, फेरे तीन हजारांच्या आत. पातं खालच्या ट्रेमधल्या पाण्यात बुडून फिरतं, त्यामुळे पाणी दोन-तीन लिटरच लागतं आणि तेच फिरत राहतं. उन्हाळ्यात आमच्याकडे नळ दोन दिवसांआड येतो, तेव्हा ही गोष्ट लहान नाही.

तिसराच घ्यायचा ठरला. हिंगणघाटला एकच नग होता, म्हणून एसटीने नागपूर गाठलं आणि इतवारीतल्या लोहाओळीत तीन दुकानं फिरले. सोबत टेप आणि स्टीलची पट्टी घेतली होती. पहिल्या मशीनला टाईल टेकवायची गाईड पुढून आणि मागून मोजली, २ मिलीमीटरचा फरक. गाईड पात्याला समांतर नसेल तर टाईल आत अडकते आणि काठ फुटतो. कापड वाकडं गेलं तर उसवता येतं, टाईल नाही. दुसऱ्याचं टेबल मधोमध दबलेलं, पट्टीखालून उजेड दिसत होता. तिसऱ्याचं पातं हाताने फिरवून बघितलं, डुगडुगलं नाही, गाईडही घट्ट बसली. मग पात्याच्या मधलं भोक विचारलं. ४ इंची पातं तालुक्यात कुठेही मिळतं, पण ७ इंचीचं भोक मशीनगणिक वेगळं असतं, आणि नेमकं मापाचं पातं नाही मिळालं तर मशीन पडून राहतं. दुकानदाराने त्याच मापाचं दुसरं पातं काढून दाखवलं तेव्हाच पैसे दिले. जादा पात्यासकट ७,४०० रुपये पडले. पातं अखंड कडेचं घेतलं. खाचा असलेलं पातं दगडाला चांगलं, पण टाईलच्या चकाकीचे टवके उडवतं.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मशीन नुसतं घुमलं, फिरेना. लगेच बंद केलं. स्टॅबिलायझरचा काटा १७० वर होता. संध्याकाळी गावभर कूलर सुरू होतात आणि व्होल्टेज बसतं. अशा वेळी बटण दाबून ठेवलं तर मोटार जळते. म्हणून सगळं कापकाम पहाटे साडेपाच ते नऊ या वेळात केलं. लांब बारीक वायर काढून जाड आणि आखूड लावली, आणि प्लगच्या खाली वायरीला झोल ठेवला, म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डात न जाता जमिनीवर पडतं. मी पदराऐवजी सलवार-कमीज घातली, बाह्या दुमडल्या, बांगड्या काढल्या. चष्मा आणि कानात बोळे दोघांनाही.

टाईलची चकाकी वर ठेवायची आणि ढकलायची नाही, पातं ओढेल तेवढीच पुढे सरकवायची. शेवटचा इंच फुटतो, म्हणून आधी उलट्या टोकाने इंचभर कापून घ्यायचं. पहिल्या चार टाईल मी घाईने फोडल्या, नंतर हात बसला. ‘एल’ची मला सगळ्यात धास्ती होती, तेच सोपे गेले. पातं खालून येत असल्यामुळे वरचा काप खुणेपाशी पोचतो तोवर खालचा थोडा पुढे गेलेला असतो, तो मसाल्यात झाकला जातो. कोपऱ्याचा तुकडा अलगद सुटतो. पातं मंद झालं की विटेच्या तुकड्यावर दोन-तीनदा चालवलं, धार परत आली. ट्रेमधला गाळ न्हाणीच्या मोरीत कधीच ओतला नाही, तो पाईपात थिजतो. परसात खड्डा केला होता. सांडलेला गाळ वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसला, कारण वाळला की तीच धूळ पुन्हा हवेत येते.

नळांची भोकं मात्र या मशीनने होत नाहीत. ती मिस्त्रीने त्याच्या ड्रिलने पाडून दिली, पाणी सोडून. त्याने पाण्यातला काप पहिल्यांदाच जवळून बघितला आणि टेबलाखाली हात फिरवला. धूळ नव्हती. “हे बरं हाय,” एवढंच म्हणाला. घरकुलाची कामं संपली की मशीन त्याच्याकडे आठ दिवस ठेवायचं मी कबूल केलं आहे.

काम २ जूनला संपलं. टाईल मोजून दहा टक्के जास्त आणल्या होत्या, सहा उरल्या. आता सासूबाई भिंतीचा आधार न घेता न्हाणीत जातात. मशीन सध्या समुद्रपूरला नणंदेच्या घरी ओट्याच्या कामाला गेलं आहे. सोबत आरसीसीबी लावलेला वेगळा बोर्ड करून पाठवला, आणि तिला सांगितलं की बोर्डाशिवाय मशीन लावायचं नाही.