गाठीला उपाशी ठेवायचं म्हणे

"म्हणजे ती गाठ काढणारच नाही? आतल्या आत उपाशी मारणार?" भाच्याने हे इतक्या सहज विचारलं की डॉक्टरपण जरा गप्प झाले, मग हसून म्हणाले, हो रे, साधारण तसंच.

14 वर्षांचा आहे. मणक्यात अन्युरिझमल बोन सिस्ट. नाव भयंकर, पण कॅन्सर नाही. हाडात रक्ताने भरलेल्या पोकळ्या होतात आणि हाड आतून पोखरत जातं. तिथे कापायला गेलं तर रक्त खूप जाऊ शकतं, म्हणून जांघेतल्या धमनीतून बारीक नळी सरकवत सरकवत गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांपर्यंत जायचं आणि बारीक कण सोडून त्या बुजवायच्या. कधी कधी दोन-तीनदा करावं लागतं. हाड भरायला पुढे कित्येक महिने.

माझं मन अडकलं ते वेगळ्याच ठिकाणी. डॉक्टरांनी एका जुन्या केसचं चित्र दाखवलं, त्यात केसांच्या आकड्यासारखी वळलेली एक बारीकशी धमनी. "ही दिसली की हात आखडायचा. ही मज्जारज्जूला जाते." कण चुकून तिच्यात गेले तर पाय लुळे पडू शकतात.

आणि मी कालपर्यंत सगळ्यांना फोनवर सांगत होते, अगं चिरफाड नाहीये, किरकोळ आहे!

बाहेर आल्यावर हा म्हणतो, "मावशी, ती शीर सगळ्यांनाच असते?"

असते की.

"मग आपल्याला आधी कुणी सांगितलं कसं नाही?"

काय सांगू त्याला?