चाळीस हजार ओळींचा निरोप

रविवार, रात्र

जेवण झाल्यावर लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, जुना गिट लॉग (कोडमधल्या बदलांची नोंदवही) उगाच चाळत बसलो. २०२१ मधला, कर्नल डेव्हलपर क्रिस्टोफ हेल्विगचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, समोर आला. ५.१४ आवृत्तीत गेलेला, जुना आयडीई ड्रायव्हर (जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह चालवणारा कोड) मुळासकट काढणारा. चाळीस हजारांहून जास्त ओळी, काढलेल्या ओळी दाखवणारा डिफ नुसता लालेलाल.

पुसण्याचं काम मिनिटभराचं, त्याआधीचं मात्र पंधरा वर्षांचं. आयडीई डिस्कसाठी लिबएटीएमधले (कर्नलमधल्या डिस्क-ड्रायव्हरांच्या नव्या संचातले) नवे ड्रायव्हर २००६ मध्ये, कर्नलच्या २.६.१९ आवृत्तीतच आले होते. त्यातलं बरंचसं काम कर्नल डेव्हलपर अॅलन कॉक्सचं. तेव्हापासून एकाच डिस्कला दोन ड्रायव्हर, हवा तो घ्या. लिनक्सची तयार वितरणं हळूहळू नव्याकडे वळली आणि एचडीए नावाची डिस्क एसडीए झाली. एफएसटॅबमधल्या, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची त्या फायलीतल्या, ओळी एका अपग्रेडमध्ये खोट्या पडल्या. नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, लिहायची सवय अनेकांना तिथून लागली. शिवाय जुन्या ड्रायव्हरमध्ये एका डिस्कवर ६३ पार्टिशनं चालायची, नव्यात सुरुवातीला १५च. ज्यांनी डिस्कचे बारीक तुकडे पाडले होते ते चिडले, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

मग जुनं लगेच का नाही काढलं? अटारी फाल्कन, अमिगा असले जुने संगणक जपणारी माणसं अजून आहेत. त्यांच्या डिस्क-कंट्रोलरसाठी आधी लिबएटीएत सोय करावी लागली. जुना ड्रायव्हर तर बूट होतानाच बजावायचा, २०२१ मध्ये मी जाणार, काही हार्डवेअर राहिलं असेल तर कळवा. ही पद्धत मला फार आवडली. आमच्याकडे ऑफिसात जुना कोड एक तर कुणी काढतच नाही, नाही तर शुक्रवारी संध्याकाळी न सांगता काढतात.

ठेवला असता तर काय बिघडलं असतं, असं वाटतं खरं. पण घराला रंग काढला की माळ्यावरची मोडकी ट्रंकही उतरवावी लागते. कर्नलचा ब्लॉक लेयर (डिस्ककडे जाणाऱ्या वाचन-लेखनाच्या मागण्या हाताळणारा भाग) बीएलके-एमक्यू या अनेक रांगांच्या नव्या पद्धतीवर नेताना तेच झालं. २०१९ मध्ये, ५.० आवृत्तीत, जुना एकेरी रांगेचा मार्ग बंद झाला, आणि त्याआधी आयडीई ड्रायव्हरही नव्या पद्धतीवर आणावा लागला. म्हणजे निघून जाणाऱ्या कोडवर कुणीतरी मन लावून काम केलं, तेही तपासायला यंत्रं मिळणं मुश्कील असताना. पुसण्यापेक्षा मला त्या माणसाचं कौतुक जास्त.

माझा या ड्रायव्हरवर जीव वगैरे नाही. मास्टर-स्लेव्हचे जंपर (एका केबलवरच्या दोन डिस्कांचा क्रम ठरवणाऱ्या चिमुकल्या टोप्या) नखानं काढताना बोटं सोललीत. सीडी लिहायची तर आयडीई ड्राइव्हला स्कझीचं, म्हणजे दुसऱ्याच जातीच्या जोडणीचं, सोंग द्यावं लागे, तो उद्योगही पुरे झाला होता.

फ्लॉपीचा ड्रायव्हर मात्र २०१९ मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं अनाथ, म्हणजे सांभाळणारा नसलेला, ठरवूनही वाचला. खऱ्या फ्लॉप्या दुर्मिळ झाल्या तरी सॉफ्टवेअरनं उभी केलेली आभासी यंत्रं अजून तो कंट्रोलर दाखवतात, आणि सांभाळायला माणूसही मिळाला. वापर आहे, वाली आहे, मग राहू दे की.