मिट्ट काळोखात जेवण

झुरिकमध्ये ब्लिंडेकू नावाचं एक रेस्टॉरंट आहे, १९९९ पासून चालू आहे, तिथे काळोखात जेवायचं असतं. कँडल लाइट वगैरे नाही हां, डोळ्यासमोर हात धरला तरी दिसत नाही इतका काळोख. मूळ कल्पना युर्ग श्पीलमान नावाच्या अंध पाद्र्याची, त्यांच्या घरी जेवायला येणारे काही पाहुणे मुद्दाम डोळ्यांवर पट्टी बांधून जेवायचे, त्यातून हे सुरू झालं. वाढणारे लोक अंध किंवा खूप कमी दिसणारे.

मोबाइल, चमकणारी घड्याळं सगळं लॉकरमध्ये. मग वेटरच्या खांद्यावर हात ठेवून झुकझुक गाडी करत आत जायचं. माझी पावलं इतकी बारीक पडत होती की बायको मागून म्हणाली, "अरे चल ना, अडलायस कुठे!" टेबलाशी बसवून वेटरने सांगितलं की बटाटा घड्याळात तीन वाजतात तिथे आहे, भाजी नऊवर. मस्त, पण काटा चार वेळा तोंडापर्यंत रिकामाच आला. शेवटी सरळ हात घातला ताटात, वरणभात कालवलेली बोटं आहेत आपली, लगेच जमायला लागलं. पाणी ओतताना मात्र ग्लासात बोट बुडवून ठेवायचं, नाहीतर टेबलावर तळं.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "बिचारे कसं करत असतील गं बाई रोज." आणि इथेच मला हा प्रकार जरा खटकतो. अ‍ॅरिएल सिल्व्हरमन नावाची संशोधक आहे, स्वतः अंध, तिच्या टीमचा २०१५ चा अभ्यास आहे की थोडा वेळ पट्टी बांधून फिरलेले लोक नंतर अंधांना उलट कमीच समजायला लागतात, म्हणजे यांना नोकरी जमणार नाही, एकटं राहता येणार नाही असं. पटतं मला ते, कारण तासाभरात तुम्हाला फक्त पहिल्या दिवसाची धडपड कळते, सवय झालेल्या माणसाचं काहीच कळत नाही, आणि तो सवय झालेला माणूस तर तिथेच हातात गरम प्लेटा घेऊन, कुणाला न धडकता टेबलांमधून फिरत असतो. मी त्याला विचारलं, माझं संपलं हे कसं कळलं? तर म्हणे काट्याचा आवाज बदलतो ना, रिकाम्या प्लेटवर वेगळा येतो. माझ्या कानावर तोच आवाज तासभर पडत होता की!

तर जायचं असेल तर जरूर जा, वेटरशी गप्पा मारा, जेवणापेक्षा त्यात जास्त मजा आहे. आणि आधी बाथरूमला जाऊन या, आत बसल्यावर त्यालाच हाक मारून बाहेर यावं लागतं. पांढरा शर्ट घालू नका.