राहायला पुलापलीकडे, गाडी पुलाअलीकडे : स्वनिधी कर्जाचा माझा अनुभव

आमची नाश्त्याची गाडी भोसरी एमआयडीसीत आहे. पोहे, उपीट, वडा आणि चहा. पहिल्या शिफ्टची पोरं सहाच्या सुमाराला यायला लागतात, त्यातली निम्मी आमच्या लातूर-नांदेडकडची. राहायला मात्र आम्ही चिंबळीत. भोसरीतलं खोलीभाडं झेपेना, म्हणून इंद्रायणीचा पूल ओलांडून पलीकडे गेलो. पुलाच्या अलीकडे पिंपरी-चिंचवड महापालिका, पलीकडे खेड तालुका आणि ग्रामपंचायत. एवढ्याशा पुलाचा कागदावर किती फरक पडतो, ते कर्ज काढायला निघाले तेव्हा कळलं.

आधी भांडवल लागलं की डेलीवाला. हातात नऊ हजार द्यायचा आणि दहा फेडून घ्यायचा, रोज शंभर, शंभर दिवस. पावसाने धंदा बुडाला तरी संध्याकाळी त्याचा माणूस गाडीपाशी हजर. लॉकडाऊनमध्ये कंपन्या बंद पडल्या, गाडीही बंद, होतं ते खाऊन संपलं. पुन्हा उभं राहायचं तर तेलाच्या डब्यापासून सुरुवात होती.

रस्त्यावर विकणाऱ्यांना कर्ज देणारी केंद्राची पीएम स्वनिधी योजना जून २०२० मध्ये आली. तेव्हा पहिलं कर्ज १०,००० रुपये, विनातारण, वर्षभरात फेडायचं. हप्ते वेळेवर भरले तर व्याजावर ७ टक्के अनुदान खात्यात जमा होतं. पहिलं फिटलं की तेव्हा २०,०००, मग ५०,०००. ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानात गेले तर तिथला पोरगा आधार कार्ड बघून म्हणाला, "ताई, पत्ता खेडचा आहे. तुम्हाला पालिकेचं कसं मिळणार?" आणि पुढच्या गिऱ्हाईकाला हाक मारून मोकळा.

मी जवळपास सोडूनच दिलं होतं. आमच्या हातगाडी संघटनेतल्या एका दादांनी नियम वाचून दाखवला. विक्रेत्यांचे चार गट आहेत. पहिल्यात ओळखपत्र किंवा प्रमाणपत्र असलेले, दुसऱ्यात पालिकेच्या विक्रेता सर्वेक्षणात नाव असलेले, तिसऱ्यात सर्वेक्षणातून राहून गेलेले. चौथा गट म्हणजे आम्हीच : आसपासच्या गावात राहून शहराच्या हद्दीत विकणारे. तिसऱ्या-चौथ्या गटाला पालिकेचं शिफारसपत्र लागतं. राहता कुठे याचा त्यात अडसर नाही, विकता कुठे ते दाखवायचं.

आता दाखवायचं कशानं? रस्त्यावरच्या धंद्याला ना भाडेकरार, ना लाईटबिल. संघटनेचं सभासद कार्ड होतं. बाकी आमच्या ह्यांनी एका डब्यात अतिक्रमणाच्या दंडाच्या जुन्या पावत्या जपून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर तारीख. ज्या पावत्यांनी तेव्हा पोटात गोळा यायचा, त्यांच्यावरूनच आम्ही कितीतरी वर्षं तिथे उभे आहोत हे सिद्ध झालं. चौकशीला माणूस आला तो ऐन गर्दीत. एका हाताने पोहे वाढत दुसऱ्याने कागद दिले, त्याने गाडीसकट फोटो काढला. शिफारसपत्र मिळालं.

मध्ये आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडलेला निघाला. ओटीपी येईना. तो बदलून घेण्यात गेलेला वेळ सांगत बसत नाही. तुम्ही मात्र फॉर्म भरायच्या आधी हे बघा.

बँकेत वेगळीच तऱ्हा. साहेब म्हणाले, जामीनदार आणा. मी म्हटलं, साहेब, हे विनातारण आहे ना? ते म्हणाले, योजनेत असेल, आमच्या शाखेत आणावाच लागतो. संघटनेच्या दादांनी फोनवर योजनेचं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते वाचलं, काही बोलले नाहीत, शिक्का मारला. एकटी गेले असते तर जामीनदार शोधत बसले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पैसे आले त्यात मोठी शेगडी घेतली आणि पोहे, तेल घाऊक भरलं. हप्ता महिन्याला नऊशेच्या आसपास. डेलीवाल्याला आम्ही महिन्याला तीन हजार देत होतो.

क्यूआर कोडच्या व्यवहारांवर महिन्याला शंभर रुपयांपर्यंत कॅशबॅकही होता, पण व्यवहार किमान २५ रुपयांचा पाहिजे. आमचे पोहे वीसला, चहा दहाला! नियम करणाऱ्याने गाडीवर कधी नाश्ता केला नसावा. मग मी पोरांना सांगायला लागले, चहा-पोह्याचं एकदमच स्कॅन करा रे. पन्नास व्यवहार झाले की पन्नास रुपये, दोनशे झाले की पुरे शंभर.

आता दुसरं कर्जही फिटत आलंय. २०२५ मध्ये योजना बदलली : पहिला टप्पा १५,०००, दुसरा २५,०००, आणि मुदत मार्च २०३० पर्यंत.

पण कर्ज मिळालं म्हणजे जागा मिळाली असं नाही. शिफारसपत्र म्हणजे विक्री प्रमाणपत्र, म्हणजे रस्त्यावर विकायचा परवाना, नव्हे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षणात आलेल्यांना, वॉर्डाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत, विक्री क्षेत्रात सामावून घ्यायचंय. त्यासाठीच्या नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असायला हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. मला विचाराल तर पहिली गरज जागेची आहे, कर्ज त्याच्या नंतर. गाडी उचलली तर हप्ता कशातून भरायचा?

कुरुळी, चिंबळी, चाकणकडून कुणी धंद्याला येत असेल तर फॉर्म भरणाऱ्याला आधीच सांगा, चौथा गट निवड. आणि दंडाच्या पावत्या फेकू नका.