‘कळवतो’ म्हणाले, मग पुढं?

सोमवारी सकाळी मी पर्स टेबलावर ठेवत नाही तोच फोन येतो. "मॅडम, ते शुक्रवारच्या इंटरव्ह्यूचं काय झालं?" शुक्रवारी चार वाजता हा मुलगा आमच्या केबिनमधून उठला. शनिवारी साहेब पुण्याला, रविवारी सुट्टी. काय होणार? काहीच झालेलं नसतं. पण त्याचे ते दोन दिवस कसे गेले असतील ते आवाजावरून कळतं.

मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एचआरला आहे, त्याआधी बुटीबोरीला होते. इंटरव्ह्यू कसा द्यायचा यावर ढीगभर व्हिडिओ आहेत. दिल्यानंतर काय करायचं, हे मात्र पोरं एकमेकांनाच विचारतात आणि एकमेकांना घाबरवतात. म्हणून टेबलाच्या आमच्या बाजूला काय चालतं ते सांगते.

खुर्चीवरून उठण्याआधीच दोन गोष्टी विचारून घ्या: साधारण कधीपर्यंत कळेल, आणि नाही कळलं तर विचारायचं कोणाला? याने कोणालाही राग येत नाही. उलट पुढचे पंधरा दिवस तुमच्या जिवाला शांतता राहते.

मग गेटबाहेर या आणि तोंड बंद ठेवा. हे मी गमतीने म्हणत नाही. आमच्या गेटसमोर टपरी आहे, तर्री पोहे चांगले मिळतात. एकदा एक उमेदवार तिथेच उभा राहून मित्राला फोनवर सांगत होता, "काही नाही बे, त्या साहेबालेच काही येत नाही." शेजारी प्लेट हातात धरून आमचा स्टोअरकीपर उभा. संध्याकाळच्या शिफ्टपर्यंत ते वाक्य साहेबांच्या केबिनमध्ये पोचलं होतं, थोडं मीठमसाला लागूनच. मेट्रोचंही तेच. लोकमान्य नगरहून निघणाऱ्या अ‍ॅक्वा लाईनच्या डब्यात निम्मी एमआयडीसी बसलेली असते. सीताबर्डीला उतरून ऑरेंज लाईन पकडेपर्यंत तरी दम धरा.

त्या प्रवासात करण्यासारखं काम आहे. फोनच्या नोट्समध्ये विचारलेले प्रश्न उतरवून काढा. कुठे अडलो, कोणी काय विचारलं, पगाराचा आकडा आपण किती सांगितला, नोटीस पीरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर जुन्या कंपनीत काढायचे दिवस, किती सांगितला. रात्रीपर्यंत यातलं निम्मं विसरायला होतं, आणि दुसऱ्या राउंडला तुम्ही वेगळाच आकडा सांगता. आमच्या शीटमध्ये मात्र पहिला आकडा लिहिलेला असतो.

दुसऱ्या दिवशी एक मेल टाका. नेटवरून उचललेला ‘संधी दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार’वाला मेल आम्ही उघडतो आणि बंद करतो, त्याने नुकसान नाही पण फायदाही नाही. फायदा कशाने होतो ते सांगते. मेंटेनन्सच्या जागेसाठी एक मुलगा आला होता, डिप्लोमावाला, भंडाऱ्याकडचा. साहेबांनी विचारलं, हायड्रॉलिक प्रेसचं प्रेशर टिकत नाहीये, आधी काय बघशील? तो गडबडला आणि एकदम म्हणाला, पंप बदलावा लागेल. साहेबांनी मान हलवली, विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेल, पाच-सहा ओळींचा. काल मी थेट पंपावर गेलो. खरं तर आधी टाकीतली ऑइल लेव्हल आणि सक्शन स्ट्रेनर बघायला हवा, मग रिलीफ व्हॉल्व्हचं सेटिंग, मग सिलिंडरचं सील आतून लीक होतंय का ते, आणि पंप शेवटी, कारण तो खोलायला सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा लागतो. खाली नाव आणि फोन नंबर. बस्स. साहेबांनी तो मेल मला फॉरवर्ड करून वर फक्त एवढंच लिहिलं: ‘याला पुन्हा बोलवा.’

असा मेल प्रत्येकाला जमेलच असं नाही, आणि तुम्ही सगळी उत्तरं बरोबर दिली असतील तर उगाच काहीतरी उकरून काढायचीही गरज नाही. पण इंटरव्ह्यूत झालेल्या बोलण्यातलं काहीतरी एक त्या मेलमध्ये असू द्या.

आता वाट बघण्याबद्दल. उशीर झाला की पोरं धरून चालतात, आपला नंबर कटला. आमच्याकडे उशिराची कारणं बहुतेक वेळा अशी असतात: जागेला मंजुरी होती पण फायनान्सची सही राहिली, ज्याला निर्णय घ्यायचाय तो टूरवर, मार्चएंड, दिवाळी, पोळा. होय, पोळासुद्धा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक, तेव्हा नागपुरात कोण कोणाची फाईल हलवतं? पुण्याच्या एका उमेदवाराने नेमक्या त्याच दिवशी चारदा फोन केला होता. मी इतवारीत मारबतीच्या गर्दीत. ढोलताशात मला रिंग ऐकू येणार होती काय बाप्पा!

सगळ्यात मोठं कारण मात्र उमेदवारांना कधीच दिसत नाही. आमच्या शीटमध्ये ‘सिलेक्ट’ आणि ‘रिजेक्ट’च्या मध्ये ‘होल्ड’ असतं. पहिल्या नंबरच्या माणसाला ऑफर दिलेली असते, त्याचा नोटीस पीरियड साठ किंवा नव्वद दिवसांचा. तेवढ्या काळात त्याची जुनी कंपनी पगार वाढवून त्याला थांबवते, किंवा तो आमची ऑफर दाखवून तिसरीकडे जास्त पैसे काढतो, आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. मग मी होल्डवाल्यांकडे वळते. त्यात दुसऱ्या नंबरला जो आहे त्याने दर दिवसाआड फोन करून मला भंडावून सोडलं असेल तर हात आपोआप तिसऱ्या नावाकडे जातो. हे बरोबर नाही, पण मीही माणूसच आहे.

म्हणून सांगितलेली तारीख उलटून दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग एक छोटा मेल किंवा एक फोन करा. त्यानंतर आठवड्याभराने आणखी एकदा. तरी उत्तर नाही, तर तो विषय डोक्यातून काढा. मधल्या काळात बाकीचे अर्ज चालूच ठेवा, मिहानमध्ये बोलावलं तर जा, परसोडीच्या आयटी पार्कात बोलावलं तर तिकडेही जा. एका इंटरव्ह्यूवर महिनाभर बसून राहणारे मी खूप पाहिले.

वडिलांना फोन करायला लावू नका. काकांनाही नाही. आणि नेत्याचं पत्र तर नकोच. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की आमच्याकडे शिफारशींचे फोन वाढतात, आणि ज्याच्यासाठी फोन येतो तो पोरगा बिचारा बरा असला तरी साहेब त्याच्याकडे वाकड्या नजरेनेच बघतात.

निवड झाल्याचा फोन आला की पेढे आणा, पण राजीनामा टाकू नका. ऑफर लेटर कंपनीच्या मेलवरून लेखी येऊ द्या. त्यात पद, पगाराची फोड, जॉइनिंगची तारीख वाचा. वर्षाला ४,२०,००० सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) म्हटलं की घरी सांगितलं जातं ‘पस्तीस हजार’. बेसिक १७,५०० धरलं तर त्या पस्तीस हजारांतून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे २,१०० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण ८४० आधीच बाजूला जातात. मग तुमच्या वाट्याचा पीएफ २,१०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. हातात येतात तीस हजारांच्या जरा आत. हा हिशोब ऑफर स्वीकारण्याआधी विचारा. पहिल्या पगाराच्या स्लिपनंतर भांडायला येणाऱ्यांना मी काय सांगणार?

याच दिवसांत जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, पगाराच्या स्लिपा, यूएएन म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर काढून ठेवा. कुठे तीन महिने काम करून सोडलं असेल आणि ते सीव्हीतून गाळलं असेल, तर तिथे पीएफ कापला होता का ते आठवा. कापला असेल तर तारखा तुमच्या पीएफच्या नोंदीत दिसतात, आणि पडताळणीत हमखास विचारलं जातं.

पैसे मागितले तर तिथेच थांबा. ट्रेनिंगचं डिपॉझिट, लॅपटॉपची सिक्युरिटी, मेडिकलची फी, नावं वेगवेगळी असतात. आमच्याकडे एक मुलगी आमच्याच लेटरहेडचं खोटं ऑफर लेटर घेऊन गेटवर आली होती, सोबत वडील आणि बॅग. पैसे भरून झाले होते. असं झालं तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आणि दुसरीकडे नोकरी लागली असेल, आमच्याकडे यायचं नसेल, तर तसं कळवा. दोन ओळी पुरतात. कारण दिलं नाही तरी चालेल. मी त्याच दुपारी होल्डवरच्या पुढच्या माणसाला फोन लावते.