मखर ते मालगाडी : आमची वाटचाल

खूप जण विचारतात की तुम्ही या धंद्यात आलात कशा, म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकते. आमचं छोटंसं वर्कशॉप आहे, अंबरनाथला एक गाळा, मी, माझा नवरा आणि हाताखाली दोन मुली. काम काय तर लोकांच्या घरातल्या मॉडेल रेल्वेसाठी डोंगर, घाट, स्टेशन, झाडी बनवणं, आणि नवीकोरी चकचकीत मॉडेलं रोज धावणाऱ्या खऱ्या गाडीसारखी मळवून देणं. इंग्रजीत त्याला वेदरिंग म्हणतात, आम्ही गाळ्यात राप देणं म्हणतो. उन्हात राबलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जसा राप चढतो ना, तसाच गाडीवर पण चढतो.

सुरुवात मात्र गणपतीच्या मखरांपासून झाली. लग्नानंतर आम्ही दोघं थर्माकोलची मखरं करायचो, श्रावण लागला की गाळ्यात पाय ठेवायला जागा नसायची. 2018 च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली आणि आमचं मुख्य कामच थांबलं. बंदी बरोबरच होती, विसर्जनानंतर खाडीत तरंगणारा तो पांढरा कचरा आम्हीही बघत होतो, पण पोटाचं काय करायचं हा प्रश्न होताच. पुठ्ठा आणि कागदाच्या लगद्याची मखरं करून बघितली, वेळ दुप्पट लागायचा आणि भाव तोच मिळायचा.

तेव्हा कल्याणचे एक रिटायर्ड काका आले. आमच्याकडून दर वर्षी डोंगराचा देखावा घेऊन जायचे. म्हणाले, माझ्याकडे आठ बाय चारच्या टेबलावर रेल्वे आहे, तिला खंडाळ्याचा घाट करून देशील का. मी हो म्हणून टाकलं. डोंगर काय, लहानपणापासून दिवाळीत किल्ले केलेत, दगडं रचायची, पोतं ओलं करून टाकायचं, वर मातीचा लेप द्यायचा आणि हळीव पेरून हिरवळ आणायची, हे करताना जे शिकलो ते आजही रोज कामी येतं.

काकांचा घाट करायला साडेतीन महिने लागले. सांगाडा पुठ्ठ्याच्या पट्ट्या विणून केला, त्यावर मेडिकलमध्ये मिळतात ती प्लास्टरची बँडेजं ओली करून पांघरली, आणि कडे प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये साच्यातून काढून चिकटवले. पहिले कडे चुकले. नेटवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून केले होते आणि ते दिसत होते आल्प्ससारखे, टोकदार आणि तिरके. सह्याद्री असा नाहीये ना, आपल्याकडे लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे बसलेत, कडा बघितला की चळतीसारख्या आडव्या रेघा दिसतात आणि मधल्या पायऱ्यांवर गवत उगवलेलं असतं. शेवटी नवऱ्याला घेऊन कर्जतहून लोणावळ्याच्या गाडीला बसले, दारापाशी उभं राहून फोटो काढले, घरी येऊन सगळे कडे फोडले आणि परत केले.

चढ काढताना पण असंच झालं. भोर घाटाचा, म्हणजे खंडाळ्याच्याच घाटाचा, चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की गाडी 1 मीटर वर जाते. काकांचं टेबल जेमतेम अडीच मीटर, म्हणजे एका बाजूने सरळ गेलं तर साडेसहा सेंटीमीटर उंची मिळते. काकांना जास्त उंची पाहिजे होती, आम्ही म्हणलं नको, रूळ आहे तेवढाच चढवूया आणि त्याच्याखालची दरी खोल करूया. त्यासाठी टेबलाची फळी एका कोपऱ्यात कापून खाली उतरवली, आणि घाट एकदम उंच दिसायला लागला. ही युक्ती तेव्हापासून प्रत्येक घाटात वापरतो.

खरी गोष्ट पुढे आहे. घाट तयार झाला, काकांनी त्यावर गाडी ठेवली आणि मलाच ते बघवेना. एवढा कष्टाने केलेला मळका, जुना, पावसाने काळा पडलेला डोंगर आणि त्यात प्लास्टिकसारखं चमकणारं इंजिन! माझे बाबा बरोबर आले होते. बाबा कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते, सगळी नोकरी तिथेच झाली, घाटात मागून ढकलायला लागणारी डब्ल्यूसीजी-2 इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलेली, नंतर डब्ल्यूसीएएम-3. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ह्याला घाट माहीतच नाही गं."

त्या रात्री बाबांनी कागदावर इंजिन काढलं आणि कुठे काय घाण बसते ते एकेक करून सांगितलं. टपावर पेंटोग्राफच्या, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याच्या, आसपास कार्बनची काजळी, तिथून खाली आलेले काळे ओघळ. चाकांच्या आसाच्या टोकाला असतो त्या एक्सल बॉक्सजवळ तेल, आणि तेलावर धूळ बसून झालेला जाड लेप. चाकं घसरू नयेत म्हणून घाटात रुळांवर वाळू सोडतात, म्हणून वाळू सोडणाऱ्या पाइपांच्या जवळ फिकट भुरकट. आणि ब्रेकची धूळ, ती सगळ्यात महत्त्वाची. जुने ब्रेक ब्लॉक बिडाचे असायचे, घाट उतरताना ते चाकावर घासत राहायचे आणि त्या लोखंडाचा भुगा उडून खालच्या सगळ्या भागावर तांबूस तपकिरी थर चढायचा. बाबा म्हणाले, गाडी घाटातली आहे की सपाटीवरची, हे आम्ही तिच्या पायाकडे बघून सांगायचो.

हे मी वहीत उतरवून घेतलं, ती वही आजही गाळ्यात आहे. बाबा 2022 मध्ये गेले. वहीची शेवटची काही पानं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली आहेत, डब्यांविषयीची. डबे यार्डात धुतले जातात तेव्हा बाजूच्या भिंतींना ब्रश लागतो, पण टोकाच्या भिंती तशा घासल्या जात नाहीत, त्यामुळे बाजू स्वच्छ आणि टोकं कळकट. हे मी आजपर्यंत फार कमी मॉडेलवर बघितलंय, लोक सगळीकडे सारखी घाण फासतात.

म्हणून आमच्याकडे कोणी ऑर्डर द्यायला आलं की बजेटच्या आधी तीन गोष्टी विचारतो. कुठला मार्ग, कुठला महिना, आणि गाडीत माल काय. कोळशाचा उघडा वॅगन आतून काळा आणि खरवडलेला, सिमेंटच्या बंद वॅगनच्या दरवाजाखाली राखाडी पांढरे ओघळ, लोहखनिजाचा असेल तर सगळाच लाल. महिन्याचं तर विचारूच नका. तोच घाट जुलैमध्ये काळा दगड आणि पोपटी गवत, सप्टेंबरमध्ये सोनकीचा पिवळा, डिसेंबरात वाळलेलं सोनेरी गवत, मार्चमध्ये वणव्याचे काळे पट्टे आणि मधेच लाल फुललेला पांगारा. गवताचे नायलॉनचे तंतू 2, 4 आणि 6 मिलीमीटरचे येतात, आपण करतो ती एचओ स्केल म्हणजे 1 ला 87, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं मॉडेल, त्यात 6 मिलीमीटर म्हणजे खऱ्यातलं अर्धा मीटर गवत, ते मे महिन्याच्या देखाव्यात लावलं की चुकलंच. काही गिऱ्हाइकांना हे प्रश्न आवडत नाहीत, त्यांना छान दिसलं म्हणजे झालं. त्यांना मी नम्रपणे सांगते की महिना ठरल्याशिवाय मी रंग उघडत नाही. त्यामुळे काही ऑर्डरी गेल्या, पण जे राहिले ते कायमचे झाले.

आता कामातल्या ठेचा पण सांगते म्हणजे नवीन लोकांना उपयोग होईल. सगळ्यात मोठी ठेच खडीची. रुळाखाली जी खडी असते ती साधारण 65 मिलीमीटरची, 87 ने भागलं की पाऊण मिलीमीटर, म्हणजे बारीक रव्याएवढी. आम्ही विचार केला, खरी खडी बेसॉल्टची, मग क्रशरवरची दगडाची कचच धुवून चाळून वापरूया, रंग आपोआप बरोबर येईल. रंग आला पण पंधरा दिवसांत एका गिऱ्हाइकाची दोन इंजिनं जाम. उघडून बघितलं तर मोटरच्या चुंबकाला काळे कण चिकटलेले. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, ते लोहचुंबकाला चिकटतं, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन्ही मोटरी आमच्या खर्चाने बदलून दिल्या. तेव्हापासून खडी चाळली की ताटात पसरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक चार वेळा फिरवतो, पिशवीला काही चिकटायचं थांबेपर्यंत. मग रुळाखाली पसरून, पाण्याचा फवारा मारून, फेव्हिकॉल निम्मं आणि पाणी निम्मं, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरने सोडतो. साबण नसेल तर गोंद खडीवर मण्यासारखा बसून राहतो, आत जातच नाही.

दुसरी ठेच पावसाची. शेवटी मॅट वार्निशचा हात मारावा लागतो नाहीतर पावडरचा रंग बोटाला लागून निघतो. जुलैमध्ये एका संध्याकाळी पाच डब्यांवर फवारा मारला, सकाळी बघते तर सगळे डबे दुधाळ पांढरे. हवेतला दमटपणा वार्निशमध्ये अडकला होता. तीन आठवड्यांचं काम पुसून परत केलं. आता जून ते सप्टेंबर आम्ही फवारणीचं काम घेतच नाही, त्या दिवसांत फक्त झाडं. वायरची तांब्याची तार पिळून खोड आणि फांद्या, वर लुकण, आणि पानांसाठी मिक्सरमध्ये दळून रंगवलेला स्पंज. दोघी मुली मखराच्या काळापासून आमच्याकडे आहेत, त्यांचा हात इतका बसलाय की आंबा, वड आणि निलगिरी लांबून ओळखू येतात.

आणि एक, पावडर लावून झाली की ती जितकी हवी त्यापेक्षा जास्त ठेवा, कारण वार्निश पडलं की निम्मी दिसेनाशी होते. काळा रंग म्हणून शुद्ध काळा कधी वापरू नका, तपकिरी मिसळलेला करडा घ्या, लहान वस्तूवर शुद्ध काळा हा भोकासारखा दिसतो. चाकाच्या रुळावर टेकणाऱ्या पट्टीला रंगाचा थेंबसुद्धा नको, वीज तिथूनच येते.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये आम्हाला वाटलं सगळं संपलं, पण झालं उलटंच. माळ्यावरचे खोके लोकांनी खाली काढले, फोनवर फोन. त्या दिवसांत बाबा रोज गॅलरीतून यार्डाकडे बघायचे, गाडी न गेलेल्या रुळांच्या माथ्यावर नारिंगी गंज चढला होता. मला हाक मारून दाखवलं, म्हणाले हा ताजा गंज, ह्याचा रंग लक्षात ठेव, जुना गंज चॉकलेटी असतो. त्यावरून आम्ही आजही वापरातला आणि बंद पडलेला रूळ वेगळा रंगवतो.

त्याच काळात न्यू जर्सीच्या एका मराठी गृहस्थांचं काम आलं, मूळचे रत्नागिरीचे. त्यांना कोकण रेल्वेची रो-रो पाहिजे होती, ट्रक लादलेली मालगाडी, 1999 मध्ये कोलाड ते वेर्णा सुरू झालेली, आणि बाजूला जांभ्याचं कटिंग, म्हणजे रुळासाठी कापलेला जांभ्या दगडाचा डोंगर. मी खूश होऊन रत्नागिरीहून खरी लाल माती मागवली, ओव्हनमध्ये भाजली म्हणजे बुरशी आणि किडे राहू नयेत, वस्त्रगाळ केली. नंतर कळलं की परवान्याशिवाय माती अमेरिकेत नेता येत नाही. मग ती माती समोर वाटीत ठेवून तिच्यासारखा रंग पिगमेंटमधून जुळवला, अकरा प्रयत्न झाले. ते गृहस्थ व्हिडिओ कॉलवर पेटी उघडत होते आणि मागून त्यांच्या आई म्हणाल्या, "अगो बाई, ही तर आपल्या निवळीच्या वाटेवरची माती." खरी माती नव्हती, तरी त्यांना तीच वाटली. त्या दिवशी गाळ्यात पेढे वाटले.

रुळाच्या रुंदीबद्दल, म्हणजे गेजबद्दल, दोन रुळांमधल्या अंतराबद्दल, सगळे विचारतात म्हणून सांगते. आपली ब्रॉडगेज 1676 मिलीमीटर, 87 ने भागली की 19.3 मिलीमीटर, पण बाजारात मिळणारा एचओचा रूळ 16.5 चा, तो परदेशातल्या 1435 च्या गेजसाठी आहे. म्हणजे आपली गाडी कायम जरा अरुंद रुळावर धावते. आम्ही स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या, लांब करून आणि खडीचे खांदे रुंद करून ते झाकतो, पण मला ते खटकतं. त्याउलट 9 मिलीमीटरचा रूळ घेतला तर त्याला 87 ने गुणून 783 येतात, आणि बार्शी लाइट रेल्वेचं, म्हणजे पूर्वीच्या बार्शी-कुर्डुवाडी भागातल्या छोट्या गाडीचं, गेज होतं 762. इतकं जवळचं माप क्वचितच जुळतं. विदर्भातल्या शकुंतला या छोट्या गाडीचं पण तेच गेज.

म्हणून यंदा आम्ही पहिल्यांदा गिऱ्हाइकाशिवाय, स्वतःसाठी एक छोटा लेआउट, म्हणजे देखाव्यासकट मॉडेल रेल्वे, करायला घेतलाय, बार्शी लाइटचा, महिना एप्रिल, काळी भेगाळलेली रानं, बाभळी आणि रिकामं स्टेशन. लहानपणी शाळेच्या सुट्टीत बाबांनी मला पुण्याला कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात नेलं होतं, 1998 ला ते सुरू झालं त्यानंतर लगेचच, आणि परत येताना मी म्हणाले होते की आपल्याकडे पण एक पाहिजे. नवऱ्याने फळ्या कापून ठेवल्यात, बाभळीच्या काट्यांसाठी काथ्या रंगवून वाळत घातलाय.

अडलंय ते डब्यांपाशी. मिळालेले सगळे फोटो कृष्णधवल आहेत आणि सगळे बाजूने काढलेले. तुमच्या घरी, आजोबांच्या अल्बममध्ये, बार्शी-कुर्डुवाडी-पंढरपूर भागातल्या छोट्या गाडीचा एखादा रंगीत फोटो असेल तर कृपया दाखवा, विटलेला असला तरी चालेल. आणि त्यात डब्याच्या टोकाची भिंत दिसत असेल तर फारच बरं होईल.