मुधोळला ससा दिसतो, पगला तुमचं तोंड

कुत्र्याला सगळं ब्लॅक अँड व्हाइट दिसतं, हे आमच्याकडं बेळगावात यळ्ळूरपासून खानापूरपर्यंत कुणालाबी विचारा, ठासून सांगतील. तसं नसतंय. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यात ३ प्रकारच्या, त्याच्या डोळ्यात २, त्यामुळं निळं-पिवळं त्याला बऱ्यापैकी कळतं, लाल-हिरव्याचा मात्र घोळ. म्हणजे हिरव्या गवतात लाल बॉल टाकून "समोर तर आहे, दिसंना काय तुला" म्हणून ओरडू नका, तो बिचारा वासावर शोधतोय. निळा घ्या की. दुकानात लाल बॉलच जास्त दिसतात ते का, तर पैसे देणारा माणूस असतो!

पण मला खरी मजा वाटली ती नाकाची. २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी कुत्र्यांच्या डोळ्यांचे पडदे तपासले, तर निघालं असं की नाक लांब असलं की पडद्यावरच्या बघायच्या पेशी आडव्या पट्ट्यात पसरलेल्या असतात आणि नाक चपटं असलं की मधोमध गोळा झालेल्या. म्हणजे लांब नाकवाल्याला आडवा पसारा नीट दिसतो, चपट्या नाकवाल्याला समोरचं.

आता आपला मुधोळ कुत्रा घ्या, शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला. लांबट तोंड, नजरेवर शिकार करणारी जात. गोकाक साइडला मामाच्या रानात एक होता, बांधावर उभा राहिला की आम्हाला काही दिसायच्या आधी ह्याची मान वळलेली, मामा म्हणायचा, "बघ बघ, कुठं बघूलालाय ते." बारकावे कुत्र्याला आपल्याइतके दिसत नाहीत, पण लांबवर काही हललं की ते सुटत नाही, आणि तेही पार दिवेलागणीच्या उजेडात.

उलट टिळकवाडीतल्या आमच्या शेजाऱ्यांचा चपट्या नाकाचा पग. रस्त्यापलीकडनं मांजर गेलं तरी साहेबांना पत्ता नाही, पण वहिनींच्या तोंडाकडं टक लावून बसणार. हंगेरीतल्या एका अभ्यासात माणसानं बोटानं दाखवलेलं चपट्या नाकाच्या कुत्र्यांना जास्त चांगलं कळलं, म्हणजे वहिनी त्याचं जे कौतुक करतात ते अगदीच खोटं नाही.

आणि मिलिटरीनं मुधोळ घेतल्यापासनं लोकांना तो फ्लॅटमध्ये पाहिजे झालाय. अख्खा माळ एका नजरेत घेणारं जनावर, त्याला बघायला काय, तर समोरच्या बिल्डिंगची भिंत आणि वाळत घातलेले कपडे. मग तो सोफा फाडतो आणि मालक सगळीकडं सांगत फिरतो, जातच वांड आहे बघा.